टेबलातून बाहेर काढलेला अर्ज

वसतिगृह प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज नव्याने लिहिण्याचं काम हाती आलं, तेव्हा जुनं पान एकात एक अशा तीन टेबलांवर (ओळी आणि खणांच्या तक्त्यांवर) उभं होतं. डावीकडच्या खणात रकान्याचं नाव, उजवीकडे इनपुट (भरायची चौकट), मधल्या खणात विसर्गासारखं चिन्ह (:). पडद्यावर सगळं ओळीत दिसायचं. पहिल्याच दिवशी ब्राउझरमधून सीएसएस (पानाचे रंग आणि मांडणी ठरवणारे नियम) बंद केलं आणि माउस बाजूला ठेवून, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम) लावून, फक्त टॅबच्या कळीने अर्ज ऐकला. ऐकू आलं ते असं: ‘एडिट, ब्लँक’, ‘एडिट, ब्लँक’, ‘रेडिओ बटन, नॉट चेक्ड’. कशासाठी एडिट आणि कशाचं रेडिओ, याचा पत्ता नाही. पुढचं सगळं काम या ऐकण्यावरूनच ठरलं.

असं का होतं, ते आधी सांगायला हवं. स्क्रीन रीडर पान वाचत असतो तेव्हा सगळा मजकूर बोलतो. पण इनपुटमध्ये शिरून टायपिंग सुरू झालं की तो फॉर्मच्या पद्धतीत जातो. मग टॅब दाबला की पुढच्या रकान्यावर उडी, आणि त्या रकान्याशी कोडमध्ये जोडलेला मजकूर तेवढाच ऐकू येतो. शेजारच्या खणात ठळक अक्षरांत ‘आईचे नाव’ लिहिलं असलं तरी ते जोडलेलं नसेल, तर नाव काय बोलायचं याचा स्क्रीन रीडरला फार तर अंदाज बांधता येतो. दोन रकान्यांच्या मधे परिच्छेद म्हणून टाकलेल्या सूचनाही याच कारणाने निसटतात. टॅग (पानावरचा प्रत्येक घटक काय आहे ते कोडमध्ये सांगणारी खूण) निवडण्याची आमची कसोटी त्यामुळे साधी होती: या टॅगने कानावर काय जास्तीचं पडतं?

या कसोटीवर सगळ्यात जास्त वाद होणारा प्रश्न सगळ्यात कमी महत्त्वाचा ठरला. लेबल (रकान्याचं नाव) आणि इनपुटची जोडी कशात गुंडाळायची? टेबलाची ओळ, यादीतल्या एका घटकाचा एलआय, डीएल या नाव-माहितीच्या यादीतली डीटी-डीडीची जोडी, परिच्छेदाचा पी की नुसतं वेष्टन असलेला डिव्ह? या वादाचं मूळ जुनं आहे. पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या डिसेंबर १९९९ मधल्या ४.०१ आवृत्तीच्या काटेकोर प्रकारात फॉर्मच्या आत थेट लेबल किंवा इनपुट ठेवता येत नव्हतं, आधी ब्लॉक दर्जाचा (स्वतंत्र ओळीवर बसणारा) काहीतरी टॅग लागायचा. कुठला, यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. एचटीएमएल ५ मध्ये (२०१४) ती अट उरली नाही.

आम्ही डिव्ह घेतला, कारण तो काहीच बोलत नाही. क्रमांकित यादी घेतली असती तर यादीत शिरताना ‘अमुक घटकांची यादी’ असं ऐकू येतं आणि त्या आकड्याचा अर्ज भरणाऱ्याला उपयोग नसतो. परिच्छेदाचा टॅग चालतो, पण त्याच्या आत यादी किंवा डिव्ह टाकला की ब्राउझर परिच्छेद मुकाट्याने तिथेच बंद करतो आणि चुका सांगणारी यादी भलतीकडे जाऊन पडते. डीएलचा विचार बराच वेळ चालला, कारण ‘प्रश्न आणि उत्तर’ अशी ती जोडी वाटते. मात्र डीटीमध्ये लेबल ठेवल्याने लेबल काही इनपुटला जोडलं जात नाही. जोडणी वेगळी करावीच लागते, मग डीएलने मिळवलं काय? टेबलाबद्दलही प्रामाणिकपणे सांगायचं तर जुन्या अर्जाचा मुख्य दोष टेबल नव्हताच. एका खणात लेबल आणि दुसऱ्यात इनपुट असतानाही लेबलमधला फॉर आणि इनपुटची ओळखखूण म्हणजे आयडी जुळवले असते तर निम्मा त्रास वाचला असता.

म्हणून सुरुवात लेबलपासून. प्रत्येक इनपुटला वेगळा आयडी आणि लेबलच्या फॉरमध्ये तोच आयडी. इनपुट लेबलच्या पोटात ठेवूनही जोडणी होते, पण आवाजावर चालणाऱ्या काही सॉफ्टवेअरना ती नीट कळत नाही. फॉर-आयडी सगळीकडे चालतं. घोळ होतो तो नकल करताना. वडिलांच्या माहितीचा तुकडा उचलून आईसाठी चिकटवला आणि आयडी बदलायचे राहिले, तर आईच्या मोबाइलच्या लेबलवर क्लिक केलं की कर्सर वडिलांच्या मोबाइलमध्ये जातो, कारण फॉर नेहमी त्या आयडीचा पानावरचा पहिला घटक पकडतो. डोळ्यांना हे दिसत नाही. प्रत्येक लेबलवर एकदा क्लिक करून पाहणं हीच त्याची तपासणी, आणि ती पाच मिनिटांत होते.

प्लेसहोल्डरला, म्हणजे रिकाम्या रकान्यात फिकट दिसणाऱ्या मजकुराला, आम्ही लेबलच्या जागी कुठेही बसवलं नाही. टायपिंग सुरू होताच तो नाहीसा होतो, फिकट रंगामुळे उन्हात मोबाइलवर दिसत नाही, आणि अर्ध्यावर उठलेला माणूस परत आला की कुठल्या रकान्यात काय भरलंय ते त्याला कळत नाही. ‘मला वसतिगृहाचे नियम मान्य आहेत’ या चेकबॉक्सच्या लेबलमध्ये ‘नियम’ शब्दाला लिंक होती, तीही बाहेर काढली. लेबलवर बोट टेकवणाऱ्याला खूण करायची असते, नवं पान उघडायचं नसतं.

आता फील्डसेट (रकान्यांचा गट करणारा टॅग) आणि लेजंड (त्या गटाचं शीर्षक). या दोघांवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन रेडिओ बटणांना आपापलं लेबल असलं तरी प्रश्न कुठे आहे? ‘यापूर्वी वसतिगृहात राहिला आहात का?’ हा मजकूर वर साध्या परिच्छेदात असेल तर कानावर फक्त ‘होय’ पडतं. तोच फील्डसेटच्या आत पहिल्या जागी लेजंड म्हणून ठेवला की गटात शिरताना आधी प्रश्न आणि मग पर्याय ऐकू येतो. लेजंड फील्डसेटचं पहिलंच अपत्य असावं लागतं. मधे सजावटीचा एक डिव्ह आला तरी नातं तुटतं. लेजंडचा मजकूर आखूड ठेवायचा, कारण काही स्क्रीन रीडर तो गटातल्या दर रकान्यापाशी पुन्हा म्हणतात. आधीच्या मसुद्यातला ‘अर्जदाराच्या पालकांविषयीची संपूर्ण व अचूक माहिती’ हा लेजंड ‘पालकांची माहिती’ एवढाच उरला.

पण दिसेल त्या गटाला फील्डसेट लावायचा नाही. रेडिओचे गट, चेकबॉक्सचे गट, जन्मतारखेचे तीन रकाने आणि ‘कायमचा पत्ता’, ‘पत्रव्यवहाराचा पत्ता’ असे एकाच नावाचे रकाने दोनदा येतात ते गट, एवढ्यांनाच तो लावला. बाकी विभागांना एच२ शीर्षक पुरतं. एकात एक तीन फील्डसेट झाले की ऐकणाऱ्याला प्रत्येक पायरीवर तीन-तीन नावं ऐकावी लागतात.

अनेकजण फील्डसेट टाळतात ते सीएसएसच्या त्रासामुळे, आणि तो त्रास खरा आहे. लेजंड किनारीच्या रेषेवर चढून बसतो, ग्रिड किंवा फ्लेक्सच्या मांडणीत भाग घेत नाही. त्याला डावीकडे फ्लोट देऊन रुंदी शंभर टक्के केली आणि पुढच्या घटकाला क्लिअर दिला की तो साध्या ब्लॉकसारखा वागतो. दुसरी अडचण मोबाइलवर: फील्डसेटची किमान रुंदी ब्राउझरने मुळातच आतल्या मजकुराएवढी ठरवलेली असते, त्यामुळे आत एखादी लांबलचक ड्रॉपडाउन असली तर सगळा गट पडद्याबाहेर जातो आणि पान आडवं सरकू लागतं. किमान रुंदी शून्य करायची, म्हणजे प्रश्न संपतो. क्रोममध्ये २०२० पर्यंत फील्डसेटला ग्रिड लागतच नसे. जुने फोन धरायचे असतील तर आत एक डिव्ह ठेवून त्याला ग्रिड द्यावा.

फील्डसेटचा एक कमी वापरला जाणारा गुण पत्त्यापाशी कामी आला. त्याला डिसेबल्ड केलं की आतले सगळे रकाने एका फटक्यात बंद होतात, पहिल्या लेजंडमधले घटक सोडून. ‘पत्रव्यवहाराचा पत्ता कायमच्या पत्त्यासारखाच’ असा चेकबॉक्स लेजंडमध्ये ठेवला, तर खूण केल्यावर खालचे रकाने बंद होतात आणि चेकबॉक्स मात्र जिवंत राहतो. फक्त बंद रकान्यांची माहिती सर्व्हरकडे जात नाही, हे पक्कं लक्षात ठेवायचं. रिकामा पत्ता आला म्हणून अर्ज परत पाठवण्यापेक्षा सर्व्हरने खूण पाहून कायमचा पत्ता तिथे भरायचा. रीडओन्लीचं उलट आहे: बदलता येत नाही, पण माहिती जाते.

नावाच्या रकान्यांत आपल्याकडच्या गोष्टी आल्या. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव असे तीन रकाने ठेवले आणि ब्राउझरला साठवलेली माहिती आपोआप भरता यावी म्हणून त्यांच्या ऑटोकम्प्लीटमध्ये अनुक्रमे गिव्हन-नेम, अ‍ॅडिशनल-नेम आणि फॅमिली-नेम. पालकांच्या रकान्यांना यातलं काही नाही, नाहीतर ब्राउझर आईच्या नावात विद्यार्थिनीचंच नाव भरून मोकळा होतो. मॅक्सलेंग्थ, म्हणजे मजकुराच्या लांबीची मर्यादा, आधी २० होती. ती अक्षरं मोजत नाही, यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतले घटक मोजते. ‘ज्ञानेश्वर’ आपण चार अक्षरांत लिहितो, पण पायमोडे, काना, मात्रा धरून ते दहा घटक होतात. जोडाक्षरं असलेलं थोडं लांब नाव विसांत मावत नाही आणि मधेच काट मारल्यासारखं थांबतं, ते का, हे भरणाऱ्याला कळतही नाही. मर्यादा १०० केली.

पिनकोड, मोबाइल, आधार क्रमांक हे दिसायला आकडे आहेत, पण संख्या नाहीत. त्यांची बेरीज कोणी करत नाही. इनपुटचा नंबर हा प्रकार त्यांना लावला की माउसचं चाक फिरल्यावर किंमत बदलू शकते आणि वर-खाली बाणांचा अडथळा उगाच येतो. प्रकार टेक्स्ट ठेवून इनपुटमोड न्यूमेरिक दिला, म्हणजे फोनवर अंकांचा कीबोर्ड उघडतो आणि बाकी काही बिघडत नाही. मोबाइलला प्रकार टेल. पॅटर्नमध्ये, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या नियमात, मात्र खास मराठी अडचण निघाली: अंक दाखवणारं रेग्युलर एक्स्प्रेशनचं नेहमीचं चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं. देवनागरी कीबोर्डवरून ४११०३० टाइप करणारी व्यक्ती बरोबर असूनही चुकीची ठरते. दोन्ही लिप्यांचे अंक पॅटर्नमध्ये घेतले आणि सर्व्हरवर इंग्रजी अंकांत बदलून साठवले.

जन्मतारखेसाठी डेट हा प्रकार सोडून दिला. अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेला ब्राउझर त्यात महिना आधी दाखवतो आणि ३ मेचं ५ मार्च सहज होतं. शिवाय अठरा वर्षं मागे कॅलेंडर सरकवत कोण बसणार? ‘जन्मतारीख’ लेजंड आणि त्याखाली दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने. चालू वर्षातल्या तारखेसाठी, उदाहरणार्थ वसतिगृहात कधी येणार यासाठी, डेट चांगला आहे, तिथे तो ठेवला.

जिल्ह्यांची ड्रॉपडाउन छत्तीस नावांची. ऑप्टग्रुप वापरून कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर असे सहा महसुली विभाग पाडले. प्रत्येक ऑप्शनच्या व्हॅल्यूत नावाऐवजी जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक ठेवला, कारण व्हॅल्यू दिली नाही तर दिसणारा मजकूरच सर्व्हरकडे जातो. उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्यावर ज्यांनी नावंच साठवली होती त्यांच्याकडे एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले असणार.

टेबल पूर्णपणे हद्दपार केलं नाही. बारावीचे गुण हा खरोखरचा तक्ता आहे: ओळीत विषय, स्तंभात ‘मिळालेले गुण’ आणि ‘पैकी’. त्याला कॅप्शन दिली, शीर्षखणांना टीएच आणि स्कोप दिला. प्रत्येक इनपुटसाठी वेगळं लेबल लिहिण्याऐवजी एरिया-लेबल्डबायमध्ये (रकान्याचं नाव कुठून वाचायचं ते सांगणारी नोंद) आधी विषयाच्या आणि मग स्तंभाच्या शीर्षखणाचा आयडी टाकला. टॅब दाबताच ‘भौतिकशास्त्र, मिळालेले गुण’ असं ऐकू येतं. एकूण गुण आउटपुट या टॅगमध्ये. तो बदलला की स्क्रीन रीडर आपणहून बोलतो, म्हणून दर कळीला बेरीज बदलू द्यायची नाही, नाहीतर ७८ टाइप करताना आधी सातची बेरीज ऐकावी लागते. रकाना सोडल्यावरच बदलायची.

सूचना आणि चुका यांची जागा एकच ठरवली: लेबल, त्याखाली सूचना, त्याखाली चूक असल्यास तिचा संदेश, मग इनपुट. सूचनेला आणि चुकीला आपापला आयडी आणि इनपुटच्या एरिया-डिस्क्राइब्डबायमध्ये (नावानंतर आणखी काय वाचायचं ते सांगणारी नोंद) ते दोन्ही. सूचना इनपुटच्या खाली ठेवली तर फोनचा कीबोर्ड किंवा ब्राउझरची आपोआप भरण्याची यादी नेमकी तिलाच झाकते. एरिया-इनव्हॅलिड ही ‘रकाना चुकला’ सांगणारी खूण, ते फक्त चूक निघाल्यावर लावायचं. कोऱ्या अर्जावर ते दिसलं तर माणूस काही भरायच्या आधीच दोषी ठरतो.

रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) लिहून ब्राउझरच्या स्वतःच्या तपासणीवर भिस्त ठेवावी असं वाटू शकतं. पण तिचा संदेशाचा फुगा ब्राउझरच्या भाषेत बोलतो, पानाच्या नाही. सगळा अर्ज मराठीत आणि चूक इंग्रजीत. शिवाय एका वेळी एकच चूक आणि थोड्या वेळाने तीही गायब. फॉर्मला नोव्हॅलिडेट देऊन ब्राउझरची तपासणी बंद केली आणि तपासणी सर्व्हरवर घेतली. चुका निघाल्या तर पानाच्या टायटलची सुरुवात ‘चूक:’ने, वर चुकांची यादी, यादीतली प्रत्येक ओळ त्या त्या रकान्याची लिंक आणि पान उघडताच फोकस (कीबोर्डची चालू जागा) त्या यादीवर. रेडिओच्या गटाची लिंक पहिल्या बटणावर न्यायची. फील्डसेटच्या आयडीवर नेली तर पान सरकतं पण फोकस कुठेच बसत नाही. संदेशात काय करायचं ते लिहायचं: ‘अवैध माहिती’ऐवजी ‘पिनकोडमध्ये ६ अंक लिहा’.

फोटो आणि गुणपत्रिकेची फाइल शेवटच्या पानावर ढकलली. सुरक्षेसाठी ब्राउझर फाइलचा रकाना पानाला भरू देत नाही, त्यामुळे दुसऱ्याच रकान्यातल्या चुकीमुळे अर्ज परत आला तरी फाइल पुन्हा निवडावी लागते. वेगळ्या पानावर हा जाच उरत नाही. फॉर्मच्या एन्कटाइपमध्ये (माहिती कोणत्या स्वरूपात पाठवायची ते) मल्टिपार्ट लिहायला विसरलं की सर्व्हरला फाइल मिळत नाही, नुसतं तिचं नाव मिळतं.

बटणांमधली एक खोच अजून बऱ्याच संकेतस्थळांवर दिसते. बटण टॅगला टाइप दिला नाही तर तो सबमिट धरला जातो, आणि एखाद्या रकान्यात एंटर दाबलं की कोडच्या क्रमातलं पहिलं सबमिट बटण दाबलं जातं. आमच्या अर्जात ‘ओटीपी पाठवा’ वर होतं. आडनाव लिहून एंटर मारलं की ओटीपी सुटायचा. तेच ‘मागे जा’ बटण ‘पुढे जा’च्या आधी असेल तर होतं. त्यातून ओटीपीचा छोटा फॉर्म मोठ्या फॉर्मच्या पोटात होता. फॉर्ममध्ये फॉर्म चालत नाही: ब्राउझर आतला उघडणारा टॅग सोडून देतो आणि आतला बंद करणारा टॅग बाहेरच्याला लागू करतो, मग त्याखालचे रकाने पुष्कळदा कुठल्याच फॉर्मचे राहत नाहीत. मोबाइलची पडताळणी अर्जाआधीच्या वेगळ्या पानावर नेली, ओटीपीच्या रकान्याला ऑटोकम्प्लीटमध्ये वन-टाइम-कोड दिला, आणि ‘पुढे जा’ कोडमध्ये आधी ठेवलं.

हे सगळं बिनरंगाचं, बिनमांडणीचं नीट ऐकू येऊ लागल्यावरच सीएसएस लिहायला घेतलं. एकच स्तंभ, लेबल इनपुटच्या वर. ‘पालकांचे एकत्रित वार्षिक उत्पन्न’ अशी लांब लेबलं डावीकडच्या अरुंद पट्टीत तीन ओळींत मोडतात, पान मोठं करून पाहणाऱ्याला तर लेबल आणि इनपुट एकत्र दिसतच नाहीत. इनपुटला ठरावीक उंची द्यायची नाही. रफार, वेलांट्या आणि उकार कापले जातात. ओळीची उंची दीडपटीच्या वर आणि बाकी पॅडिंग (आतली मोकळी जागा). अक्षर किमान १६ पिक्सेल, नाहीतर आयफोन रकान्यात शिरताना पान झूम करतो. रेडिओची सजावट करताना मूळ बटणाला डिस्प्ले नन देऊन ते पूर्ण लपवलं की कीबोर्डवरून ते सापडतच नाही. पारदर्शक करून जागेवर ठेवायचं. ग्रिडमध्ये ऑर्डर वापरून रकाने हलवले नाहीत, कारण टॅब कोडच्या क्रमानेच फिरतो. पानाच्या मुळाशी भाषा मराठी नोंदवली. त्याने स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो आणि ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात त्यांत तेच उमटतात.

डीएल शेवटी कामाला आलाच, पण भरण्याच्या पानावर नाही, तपासण्याच्या पानावर. अर्ज पाठवण्याआधी सगळी उत्तरं एकत्र दाखवायची तेव्हा तिथे इनपुट नसतात. रकान्याचं नाव डीटीत, उत्तर डीडीत, ही खरी नाव-किमतीची जोडी. २०१७ च्या एचटीएमएल ५.२ पासून अशी प्रत्येक जोडी डीएलच्या आत डिव्हमध्ये गुंडाळता येते, म्हणून ओळीखाली रेघ ओढणंही सोपं जातं. दर ओळीत ‘बदला’ ही लिंक आहे. लिंकांची यादी काढून ऐकणाऱ्याला नुसतं ‘बदला, बदला, बदला’ ऐकू येऊ नये म्हणून प्रत्येकीत डोळ्यांना न दिसणारा मजकूर घातला आहे: ‘जन्मतारीख बदला’, ‘पिनकोड बदला’. बदल करून ‘पुढे जा’ दाबलं की अर्ज पुन्हा पहिल्यापासून न फिरवता थेट याच पानावर परत आणायचा.